लाल फुली

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पिंप हलकं लागलं! काल संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने नापास बेल्ट त्यात टाकले. वरपर्यंत आले होते, कोपराने दाबून बसवले. आज सकाळी जाता जाता पाय लागला, तर पिंप सरकलं की! भरलेलं पिंप असं पायाने सरकतं का कधी? वाकून पाहिलं. वरचे तेवढे फुगवून ठेवलेले, खाली पोकळ.

मास्तरांना विचारलं. आमच्याकडे शिवणाऱ्यांचे मुख्य तेच. म्हणाले, "बाई, पिंपात भूत आहे. बेल्ट खातं." आणि हसले. नापास माल गेला आणि ह्यांना हसू येतंय! का यावं?

कुठेतरी पाणी मुरतंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

धाकट्या मालकांनी आत बोलावलं. बसायला खुर्ची. वर चहा. थोरले मालक कामावर यायचे तेव्हा चहा कधी मिळाला नाही, ओरडा मिळायचा. पण तो समोरून मिळायचा. ह्यांचं सगळंच गोड. गोड माणसाची मला आधीपासून धास्ती.

म्हणाले, "बाई, तुम्ही सगळ्याला एकच फुली मारता. लेबल तिरकं लागलं तरी तीच, शिवण सुटली तरी तीच. दोन वेगळ्या खुणा करू या का? लेबलवाले दुरुस्त होतील. चांगला माल वाया जातोय."

अस्सं! म्हणजे आज लेबल सोडा, उद्या शिवण सोडा, परवा बाई तुम्ही घरीच बसा. मी म्हटलं, "साहेब, ह्या बेल्टच्या पाठीला कडी, कडीला दोर आणि दोराला माणूस लटकतो. दहाव्या मजल्यावर. ज्याला लेबल सरळ लावता येत नाही त्याने कडीखाली काय दिवे लावलेत कोणास ठाऊक. माझ्याकडे मधलं काही नाही. पास, नाहीतर फुली."

मग तेही हसले. हसण्याची साथच आलीय कारखान्यात.

पुढच्या महिन्यात मोठी ऑर्डर जायची आहे. माल कमी पडणार हे सगळ्यांना माहीत आहे. पिंपातले बेल्ट कुठल्या खोक्यात जाऊन बसणार, हे मला कोणी शिकवायला नको. चहा पूर्ण प्यायले नाही. अर्धा ठेवला. कळू दे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पिंप परत खाली गेलंय. थोडंसंच, पण गेलंय.

चूक कोणाची? थोरल्यांची! कितीदा सांगितलं होतं, फुली पडली की तिथल्या तिथे कात्री लावा. तर म्हणे कड्या खराब होतात. मग काय, महिनाभर ते पिंप मागच्या अंगणात उघडं. महिनाअखेरीला उलटं करायचं, कड्या उसवून घ्यायच्या आणि कापड कापून टाकायचं. तोवर येईल जाईल त्याने हात घालावा. बाजूला गाड्या लावायची जागा, पलीकडे फाटक. चोराला आणखी काय पाहिजे? पायघड्या?

मास्तरांवर डोळा ठेवलाय. आज त्यांच्या मशीनवरचे बरेच परत केले. सुई कडीपाशी टाके खाते. वरून दिसत नाही. कापड दुमडून, कडी उलटी करून खालून नख फिरवावं लागतं. टाका, टाका, टाका, आणि मधेच नख घसरतं. घसरलं की फुली. त्याच ढिगात एका बेल्टचं लेबल उलटं लागलेलं. त्यालाही फुली, पाठभर, लाल. मास्तर म्हणाले, "लेबलापायी फाशी दिलीत बाई." बाकीचे खिदळले.

खिदळा. नख माझं आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

घरी ह्यांना सांगितलं सगळं. हे जेवत होते. मान खाली. म्हणाले, "जाऊ दे ना. कचराच तर नेतोय कोणीतरी."

कचरा! स्वतः दोराला लटकून बिल्डिंगींना रंग देणारा माणूस, आणि नापास बेल्टला कचरा म्हणतो! मी म्हटलं, "अहो, तो कचरा नवा म्हणून विकला गेला तर? घालणारा तुमच्यासारखाच कोणी असेल ना?" तर म्हणतात, "तुझं नापास म्हणजे बाजारातलं एक नंबर. मी बाजारातलं बघितलंय. लेबल वाकडं म्हणून कोणी खाली पडत नाही."

"सगळ्याच फुल्या लेबलाच्या नसतात!"

"मग कुठली कशाची, कळायचं कसं?"

"कळायचं कारणच काय? फुली म्हणजे फुली. हात लावायचा नाही."

"बरं, इन्स्पेक्टरसाहेब," म्हणाले आणि हात धुवायला उठले. थट्टेवारी न्यायची सवयच आहे. पण एक बरं झालं. ह्यांच्या कंत्राटदाराने म्हणे अखेर नवे बेल्ट दिले. तो चिक्कू! जुना बेल्ट उन्हाने पांढरा पडलेला, खांद्याशी दोरे लोंबायचे. दोन वर्षं मी डोकं खातेय, तिकडे भांडा म्हणून. मी विचारलं कुठल्या कंपनीचे. म्हणाले, चांगल्या. घरी आणा, बघते म्हटलं, तर साइटवर कुलपात असतात. असू देत. घालतात ना, मग झालं. एक घोर तरी मिटला.

रविवार, १६ फेब्रुवारी

सुट्टी. डोकं पिंपातच. कपडे वाळत घालताना ह्यांच्या शर्टाची शिवण उलटी करून बघत होते. हे बघतात आणि हसतात.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पॅकिंगवाली!

आधी कसं सुचलं नाही? मी पास केलेले बेल्ट पिशवीत घालून खोक्यात भरणारी तीच. मधे एखादा फुलीवाला सरकवला तर कोण बघतंय? फुली स्पिरिटने पुसता येते, वास येतो फक्त. आणि तिच्याकडे आठवडाभर ती मोठी काळी पिशवी आहे. येताना रिकामी, जाताना टम्म. जेवायच्या सुट्टीत ती आमच्यात बसत नाही, मागच्या अंगणात जाते. एकटी. विचारलं तर म्हणते ऊन खाते. ऊन! फेब्रुवारीत दुपारी!

धाकट्या मालकांशी बोलताना पण पाहिलं तिला. मला बघून दोघंही थांबले.

आज तिच्या मागोमाग गेले. पिंपाला टेकून उभी होती, फोनवर बोलत. मला बघून डोळे पुसले. नाटकं!

बुधवार, १९ फेब्रुवारी

सुटायच्या वेळी फाटकातच अडवलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, "पिशवी दाखव."

तिने पिशवी माझ्या पायाशी उलटी केली. औषधाच्या बाटल्या, थर्मास, दोन चादरी, एक म्हातारीचा स्वेटर, कंगवा. सासू दवाखान्यात आहे. ती इथून थेट तिकडे जाते आणि सकाळी तिथूनच कामावर येते. धाकट्या मालकांकडे अर्धा तास लवकर सोडायला मागत होती, एवढंच.

म्हणाली, "बघितलंत बाई? आता पोटही दाबून बघा, एखादा बेल्ट गिळला असेन."

कोणी हसलं नाही. मीच खाली बसून बाटल्या गोळा केल्या. एकीचं झाकण उघडून औषध सांडलं होतं, चादरीवर डाग पडला. मी पुसायला गेले तर तिने चादर ओढून घेतली. हे स्कूटर चालू करून फाटकाबाहेर थांबले होते. सगळं पाहिलं त्यांनी. घरी आल्यावर म्हणाले, "कशाला त्या बाईच्या जिवाला लागलीस? सोड ना तो नाद." आवाज वेगळाच होता. माझी लाज वाटली असणार. मलाही वाटतेय.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कोणी बोलत नाही. माझ्या टेबलावर बेल्ट येतात, माणसं येत नाहीत. चहा माझ्यासाठी कोणी ओतत नाही, मी जाऊन घेते. पॅकिंगवालीची माफी मागितली. "असू दे," म्हणाली, माझ्याकडे न बघता. त्या दोन शब्दांपेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि पिंप? तेवढंच आहे. बुधवारपासून एकही बेल्ट कमी झालेला नाही. म्हणजे चोर त्या दिवशी फाटकाशी हजर होता. घाबरलाय. म्हणजे मी बरोबर होते, फक्त माणूस चुकला.

पण कोण? मास्तर होते, कातरकाम करणारे होते, धाकटे मालक खिडकीत होते. एकेकाचा चेहरा आठवून पाहतेय. धाकटे मालक लगेच खिडकीतून मागे सरले. का सरले?

सोमवार, २४ फेब्रुवारी

थोरल्या मालकांच्या घरी गेले होते. अंथरुणावरच असतात आता. म्हटलं, तुमचे चिरंजीव माझा नापास माल बाहेर काढताहेत. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुला कोणावर विश्वास आहे का गं?"

मी म्हटलं, "आहे की! माझ्या नखावर. आणि घरी ह्यांच्यावर."

"एवढ्याने कारखाना चालत नाही," म्हणाले आणि डोळे मिटले. मुलाचीच बाजू घेणार, आणखी काय! पण येताना रस्त्यात ते वाक्य काही सुटेना. रागच आला. मी नख फिरवलं नसतं तर ह्यांच्या कारखान्याचं नाव केव्हाच धुळीला मिळालं असतं. आमचा बेल्ट म्हटल्यावर लोक डोळे झाकून घालतात, ते काय लेबल बघून?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मास्तरांची सुई परत टाके खाते. सहा बेल्ट. सहा फुल्या. भांडण झालं. लिहायचा कंटाळा आलाय.

बुधवार, २६ फेब्रुवारी

कमाल झाली! धाकटे मालक स्वतः माझ्या टेबलापाशी आले. चेहरा उतरलेला. एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता म्हणे. शहराच्या दुसऱ्या टोकाला रंगकाम चालू आहे, तिथे आमचे बेल्ट दिसले, आणि त्या कंत्राटदाराला आम्ही कधी माल दिलेलाच नाही. "बाई, पिंपाबद्दल तुम्ही म्हणत होतात ते खरं असावं. मी मनावर घेतलं नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. आपला माल तुम्ही लांबूनही ओळखाल."

म्हणजे धाकटे मालक नव्हेत! माझा ह्यांच्यावरचा संशय गळालाच. मला वाईट वाटलं, पण त्याहून आनंद झाला. सांगत होते ना मी! वेडी नाही मी! उद्या चोर हाती लागणार. मास्तरांना मुद्दाम मोठ्याने ऐकवलं.

ह्यांना सांगायचं होतं, पण आज ह्यांना उशीर आहे, मी रिक्षाने आले. जेवून थांबले, डोळे मिटायला लागले. उद्या सांगेन.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सगळे खाली उतरलेत. हेही. आधी तेवढं लिहिते.

गाडी थांबली. वर पाहिलं तर चौघं जण भिंतीकडे तोंड करून दोराला लटकलेले. चारही पाठींवर माझी लाल फुली. कोणी पुसलीसुद्धा नव्हती. डावीकडून दुसरी पाठ मी फुलीआधीच ओळखली.

खाली आल्यावर म्हणाले, "जुने बेल्ट फाटत आले होते गं. तुझा हात मला माहीत आहे." रोज मला न्यायला यायचे तेव्हा स्कूटरच्या सीटखाली टाकायचे. मी त्यावर बसून घरी येत होते. धाकटे मालक हे सगळं ऐकत उभे होते. मी तिथेच ह्यांच्या अंगातला बेल्ट सोडवला. लेबल सरळ होतं. अगदी सरळ. कडी उलटी करून नख फिरवलं. टाका, टाका, आणि पुढे नुसतं कापड.

पण डोळ्यांपुढून हलत नाही ते त्याच्या आधीचं. मी खालून किंचाळले, "अहो!" ह्यांनी मान वळवून पाहिलं. मी घाबरलेय हे त्यांना कळलं. मला धीर यावा म्हणून हसले, ब्रश डब्यात टाकला, दोन्ही हात सोडले आणि सगळा भार बेल्टवर टाकून मागे झुकून दाखवलं.

"अगं, तुझ्याच हातचा आहे!"