बाबांचं तिकीट

डब्लिन, २ फेब्रुवारी

ती. नोरीनताईस फिंटनचा सा. न. वि. वि.

आयर्लंडच्या रग्बी संघात माझी निवड झाली. दहा तारखेला वेल्सशी सामना आहे. सोबत दोन तिकिटं आहेत. एक तुझं; दुसरं बाबांना दे नाहीतर चुलीत घाल. आपला देशी खेळ जपायचा म्हणून गावच्या हर्लिंग मंडळात रग्बीसारखा इंग्रजांचा खेळ नुसता पाहिला तरी नाव कापतात, आणि बाबा तर अध्यक्ष. त्याच नियमापायी मीही हर्लिंगची काठी खाली ठेवली. त्यांनी यावं असं फार वाटतं, पण मी बोलावलं असं सांगू नकोस.

तुझा लोभ नेहमीसारखाच राहो.
फिंटन

किलडोरा, ६ फेब्रुवारी

चि. फिंटनला अ. आ.

बाबांनी तिकीट पाहिलं आणि गाईला पेंढा घालायला निघून गेले. परत येऊन म्हणाले, पोराला चिखलातच लोळायचं होतं तर आपल्या गावात चिखल कमी होता का! मंडळाचा मॅलकी टूही रग्बीच्या मैदानाच्या फाटकाशी टेहळणीला उभा असतो, म्हणून टोपी खाली ओढून जा, असं मी सुचवलं. तर म्हणाले, चोरासारखं जायचं तर जायचंच कशाला. मी येईन. त्यांची आशा ठेवू नकोस.

जेवत जा, आणि ताईची आठवण ठेव.
नोरीन

डब्लिन, इस्पितळ, १५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

गुडघा मध्यंतराआधीच गेला. बदली खेळाडू देत नाहीत, म्हणून शेवटपर्यंत कडेला लंगडत राहिलो. डॉक्टर म्हणतात, आता खेळणं संपलं. देशासाठी खेळलो ते एकच दुपार.

बाबा दिसले, पुढच्याच रांगेत, उघड्या डोक्याने. मंडळाने त्यांचं नाव कापलं का? कापलं असेल तर माझं खेळणं संपल्याचं त्यांना कळू देऊ नकोस. एवढ्याशा खेळासाठी त्यांनी मंडळ घालवलं, हे मला सोसणार नाही.

लोभ असावा.
फिंटन

किलडोरा, २० फेब्रुवारी

चि. फिंटनला अ. आ.

मॅलकीला चुगली करावी लागलीच नाही. रविवारच्या सभेत बाबा स्वतःच उठले, मी गेलो होतो म्हणाले, आणि नाव कापायचा ठरावही त्यांनीच मांडला. मॅलकी रडला. बाबा आता मैदानाबाहेर बांधावर बसून हर्लिंग पाहतात आणि पोरांना शिव्या घालतात.

गुडघ्याचं लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सामन्याहून परतताना गाडीत मी म्हटलं, पुढच्या वेळेपर्यंत फिंटन बरा होईल. बाबा म्हणाले, तो पडला कसा ते मी पाहिलंय, पुढची वेळ नाही. मग म्हणाले, बरं झालं आलो.

लवकर घरी ये. वाट पाहतो आहोत.
नोरीन