पिवळ्या गाडीची डावी कडी

आणि दादा, गाडीच्या पैशांत तुझा हिस्सा होता हे तुणतुणं आता बंद कर. गाडी तुझी नव्हती, माझीही नव्हती. आप्पांनी ती भंगारातून आणली, सात वर्षं खपून उभी केली आणि मला इकडे पाठवायला विकायला काढली. हे एकदाचं झालं. आता मृत्युपत्र.

मी, गॅरेजवाल्या आप्पांचा धाकटा, वय चोवीस, शिक्षण सातवी, डोकं ठिकाणावर ठेवून, कुणीही न दटावता हे लिहितो. परवा आम्हाला समुद्रातल्या तेलविहिरीवर वेल्डिंगला नेणार आहेत. कंपनीच्या कारकुनाने वारसासाठी तीन ओळींचा फॉर्म दिला. तीन ओळींत माझं काय भागतंय! म्हणून वेगळा कागद घेतला.

१. बँकेत असेल ते आईचं. तिने आधी स्वतःच्या गुडघ्यांचं बघावं, दादाच्या पोरांचे वाढदिवस नंतर.

२. माझा पान्यांचा संच दादाला. त्यात चौदा नंबरचा पाना नाही. तो तूच हरवलास आणि मार मी खाल्ला. तरी देतो.

३. शेजारचा टायरवाला म्हणाला होता, "महिन्यात रडत परत येईल." त्याला काहीही देऊ नये. फक्त कळवावं की पहिल्याच आठवड्यात रडलो, पण परत आलो नाही.

४. गाडी. ती आपली राहिली नाही, तरी सगळ्यांत मोठं कलम तिचंच आहे.

आप्पांची पद्धत तुला ठाऊक आहे. गाडी विकताना तिची खोट स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी पुढच्या कप्प्यात ठेवायची. पिवळीत खोट शोधावी लागली. इंजिन चालू आहे की बंद, ते हात लावून बघावं लागायचं. फक्त दुमडत्या छताची डावी कडी झिजलेली. उभ्या गाडीत घट्ट बसायची, पण वेगात सुटली तर छत वाऱ्याने उचकटून मागे जाणार. आप्पांनी तसं लिहिलं आणि खाली नव्या कडीचा खर्च मांडला, तेवढा किमतीतून कमी घ्यायचा म्हणून. चिठ्ठी माझ्या हातात दिली.

दातांच्या डॉक्टरीणबाई एक चक्कर मारून हसत उतरल्या. "किंमत मान्य. पण खरं सांग हं, खोट काय आहे हिच्यात?"

"काही नाही ताई. बिनघोर घ्या."

चिठ्ठी माझ्या खिशात होती. खर्च वजा केला असता तर तिकिटाला नेमके तेवढेच कमी पडले असते. वाटलं, बाई हौसेने उघडी गाडी घेताहेत, छत लावणार कशाला?

त्या गेल्यावर आप्पांनी विचारलं, "तोंडाने का नाही सांगितलंस?"

"चिठ्ठी ठेवलीय की कप्प्यात."

"मग ठीक," म्हणाले. लगेच विश्वास ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

परवा आई फोनवर म्हणाली, बाई थंडीत छत लावून लांब लेकीकडे जातात. मागून आप्पा म्हणाले, "कडी बदलूनच घेतली असणार. शहाणी बाई आहे." मी बाईंना दोनदा फोन लावला. "हॅलो" ऐकलं आणि ठेवला. माझी हिंमत एवढीच.

म्हणून हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता कागद हाती पडताच अंमलात आणावं. दादा, आधी बाईंना फोन कर, छत लावून गाडी काढू नका म्हणून. मग जाऊन चिठ्ठी दे. माझी चूक चारचौघांत सांगायला तू एका पायावर तयार असतोस, म्हणून हे काम तुलाच. नंतर हा कागद आप्पांसमोर मोठ्याने वाच. माझी कीव येऊन एक ओळही गाळू नकोस.

साक्षीदार: खोलीतला स्वयंपाकी (सही). विचारत होता, "मरणाच्या कागदात कडी कशाला रे?" म्हटलं, मी मेलो तर बाईंना कोण सांगणार?
दुसरा साक्षीदार: क्रेनवाला (अंगठा, हात प्लास्टरमध्ये आहे).

ठिकाण: कामगारांची वसाहत, खोली एकोणीस. तारीख: अकरा जानेवारी.
सही: धाकटा.

सोबत चिठ्ठी जोडली आहे. पैसे आजच दादाच्या खात्यावर टाकले, ते बाईंचे आहेत. आकडा आप्पांच्या अक्षरात आहे तोच: अठरा हजार पाचशे.