मोबाइलवर शिकलेली तुझी कानडी

आई, मी सध्या मोबाइलवर कानडी शिकते आहे. हसू नकोस. तुझ्या माहेरची भाषा तू होतीस तोवर तुझ्याकडून शिकायची राहिली आणि आता, शाळेतून निवृत्त झाल्यावर, लातूरच्या घरात कानात इयरफोन खुपसून मी 'विमानतळ कुठे आहे' असं कानडीत पुन्हापुन्हा म्हणते. बरोबर आलं की फोनमध्ये टाळ्या वाजतात. जन्मभर पोरांना शाबासकी वाटली, आता मीच त्या टाळ्यांसाठी हपापलेली असते.

अहमदपूरच्या आपल्या स्वयंपाकघरात भालकीची मावशी आली, की भाकरी थापता थापता तुम्ही दोघी बहिणी कानडीत सुरू व्हायचात. तुझा आवाजच बदलायचा. एरवी तोंडाला पदर लावून हसणारी तू तेव्हा खदाखदा हसायचीस. एकदा आजी दारात येऊन म्हणाली, "काय चोरून बोलायल्यात गं? आमच्या घरात आमच्यासारखं बोला." त्या दिवसापासून तू सख्ख्या बहिणीशीही मराठीतच बोललीस. मला शिकव म्हणून मागे लागले, तर माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुला काय करायची ती? गुमान अभ्यास कर." मला तुझाच राग आला होता. खरं तर आजीचा यायला हवा होता.

यंदा मावशी पडली. डोक्याला मार लागला आणि तिची मराठी पार गेली. तिची सून फोनवर म्हणाली, "ताई, लई बोलतेत हो, पन समदं कानडीत. तुमच्या आईचंच सारखं काढतेत." म्हणून हा सगळा खटाटोप. 'मी तुझ्या अक्काची मुलगी' हे वाक्य काही त्या ॲपमध्ये नव्हतं. एकेक शब्द जुळवून ते मीच तयार केलं आणि एसटीत उदगीरपासून भालकीपर्यंत घोकत गेले.

मी खाटेशी वाकते. मावशी माझा चेहरा दोन्ही हातांत धरते आणि म्हणते, "अक्का!" मग कानडीत रागवायला लागते, इतके दिवस आली का नाहीस म्हणून. सगळं नाही, पण पुष्कळ समजतं गं मला. घोकलेलं वाक्य ओठांवर आहे, तरी मी ते म्हणत नाही. मला तू समजून ती माझ्या गालावरून हात फिरवते आहे, आणि मला ते सोडवत नाही. मग ती दाराकडे बघते, आवाज खाली आणते आणि विचारते, "त्या घरात सुखी आहेस का गं तू?"

तुला हे कधी कुणी विचारलं होतं का, आई? 'हो' आणि 'नाही', दोन्ही मला कानडीत येत होते. मी 'हौदु' म्हणाले. मावशीने डोळे मिटले आणि माझा हात हातात धरून ती झोपली.

हे तुझ्यापर्यंत पोहोचायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. तुला न विचारता तुझ्या वतीने मी हो सांगून आले. खरं काय होतं, ते मला माहीत नाही.