माफी तुमची नव्हती

बाबा, आपल्या देवळात नवे पाळक आले आहेत. तरुण आहेत, चष्मा लावतात, उपदेश थोडक्यात आटपतात. परवा घरी येऊन म्हणाले, "बाई, नाताळच्या उपासनेत जुन्या पाळकसाहेबांविषयी चार शब्द बोला. त्यांनी देवळाच्या दारात उभं राहून माणसं वाचवली, ते नव्या पोरांना कळू द्या." मी हो म्हटलं, त्यांना चहा दिला आणि फाटकापर्यंत सोडून आले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आई जाऊनही झाली, मी स्वतः नातवंडांची आजी झाले. तरी तुमचा राग अजून गेलेला नाही. ते चार शब्द लिहायला बसले होते. त्याऐवजी हे लिहितेय.

तुम्ही वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मधेच बोलाल. सायकलवरून जळकोटच्या आसपासची सगळी गावं पालथी घालायचा. कुणाचं बाळ आजारी, कुणाच्या घरी मयत, कुणाची सून माहेरी निघून गेलेली, सगळीकडं तुम्ही. दिवसभर उन्हातून हिंडून आलात तरी चपला काढतानाच देवाशी बोलायला लागायचा, शेजाऱ्याशी बोलावं तसं: "बाबा रे, आज त्या पोराला ताप लई आहे, तेवढं बघ." मला वाटायचं, देव आपल्या ओसरीवरच बसलेला असतो. आणि हसवायचात किती! एकदा प्रार्थना चालू असताना एक शेरडू देवळात शिरलं आणि दाराला बांधलेला आंब्याचा डहाळा खायला लागलं. पोरं हाकलायला उठली, तर तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालात, "असू द्या. न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडं आन् शेरडं डावीकडं बसणार आहेत. हिला आत्ताच डावीकडं बसवा, बायकांच्यात." सगळं देऊळ हसलं. डावीकडं बसलेली आई सगळ्यांत जास्त हसली. तिला तुमच्या विनोदांचं कौतुक होतं. ते विनोद कुणाच्या अंगावरून जातात, हे तेव्हा तिलाही दिसत नव्हतं, मलाही नाही.

मग ते साल आलं. निजामाचं राज्य संपलं, पोलीस ॲक्शन झाली, आणि आपल्या गावात एकाएकी माणसं माणसांना ओळखेनाशी झाली. इतके दिवस भीत असलेले आता गावातल्या मुसलमानांना भिववायला निघाले. पिंजाऱ्याचं घर आपल्या देवळाला सगळ्यांत जवळचं. पिंजारी कापूस पिंजायला परगावी गेला होता, तो तिकडंच अडकला. घरात त्याची बायको, दोन लेकरं आणि आंधळी सासू. पिंजारीण आईची मैत्रीण. आपल्या गाद्या तीच भरायची, आणि गादी भरता भरता दोघी इतक्या बोलायच्या की कापूस उडून दोघींचे केस पांढरे व्हायचे. तुम्ही त्या चौघांना देवळात आणून ठेवलंत. हे तुम्ही केलंत. ते तुमचंच आहे, ते मी कुणाला काढून घेऊ देणार नाही.

पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात एक म्हातारी वारली आणि तुम्ही तिला माती द्यायला गेलात. जाणं भागच होतं. दुपार आहे, पावसाची उघडीप आहे, सगळीकडं चिखल. आई मला आत पिंजारणीच्या लेकरांजवळ बसवते आणि बाहेरून दार ओढून घेते. मग आवाज येतात. खूप पायांचे, चिखलातले. मी दाराच्या फटीला डोळा लावते. पाटलाचा थोरला पुढं आहे, हातात काठी. मागं दहा-वीसजण, त्यांतले निम्मे आपल्या ओळखीचे.

"पाळकीणबाई, बाजूला व्हा," तो म्हणतो.

"कशाला?"

"आत कोण हाय ते आम्हाला ठावं हाय."

"आत देव हाय," आई म्हणते, "आन् लेकरं हायेत. तुमचं काय काम हाय त्यांच्याकडं?"

आत पिंजारीण उठते. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. "बाई, हमना जान दे. हमारे वास्ते तू नको मर." दार आतून ढकलते, पण आईनं बाहेरून पाठ लावलेली आहे. मग काठीचा आवाज होतो. मी नंतर आयुष्यात पुष्कळ आवाज विसरले, हा नाही. आई खाली पडते. उठते. उजवा हात कोपरापासून विचित्र लोंबतोय. ती परत दाराला पाठ लावत नाही, बाबा, ती उंबऱ्यावर आडवी बसते, पाय पसरून, जणू चिंचा फोडायला बसलीय, आणि म्हणते, "आता जावा माझ्या अंगावरनं."

कुणी गेलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "बाईमाणसावर हात टाकलास की रे. चल माघारी, बास झालं." एकेक करून सगळे वळले. पाटलाचा थोरला सगळ्यांत शेवटी गेला. मी दार ढकललं तर उघडेना, कारण आईला उठता येत नव्हतं. हे सगळं मी पाहिलं आहे. तुम्ही नाही पाहिलं. तुम्ही संध्याकाळी आलात.

आल्यावर तुम्ही काय केलंत तेही सांगते. हाड बसवणाऱ्याला आणलंत, आईचं डोकं मांडीवर घेऊन तो ओढत असताना स्तोत्र म्हणत राहिलात. पहाटे बैलगाडी जुंपलीत, चौघांना कडब्याखाली निजवलंत आणि पांढरा झगा घालून स्वतः गाडीवान झालात. पिंजारणीच्या माहेरी सोलापूरकडं पोचेपर्यंत रस्ताभर मोठमोठ्यानं भजनं गात गेलात, म्हणजे गाडीत काय आहे हे कुणी विचारायला नको. तुम्ही भित्रे नव्हता. म्हणून तर राग जास्त येतो. भित्र्या माणसाला माफ करणं सोपं असतं.

आईचा हात वाकडाच बसला. भाकरी थापता येईना. ती डाव्या हातानं शिकली. पहिल्या भाकरी कशा व्हायच्या आठवतं? तुम्ही म्हणायचात, "आज निजामाच्या राज्याचा नकाशा आहे की बिदरचा किल्ला?" ती हसायची. मीही हसायची. घरातल्या घरात होतं ते.

मग नाताळ आला. दोन दिवस आधी पाटलाचा थोरला गुळाची ढेप घेऊन आपल्या ओसरीपुढं उभा राहिला. म्हणाला, "पाळकसाहेब, झालं गेलं इसरा." त्याला पस्तावा झाला होता की राज्य बदललं म्हणून तो घाबरला होता, मला आजही सांगता येत नाही. तुम्ही त्याला मिठी मारलीत. म्हणालात, "नाताळला जेवायला या." आणि तो हो म्हणाला! तुम्ही धावत स्वयंपाकघरात आलात. तुमचा चेहरा मला स्पष्ट दिसतो. लहान पोराच्या हातात फिरकी द्यावी तसा. "अगं, पाटलाचा पोरगा आपल्या पंगतीला बसणार! आपल्या!"

त्या 'आपल्या'चा अर्थ तेव्हा मला कळत होता. आपलं देऊळ गावकुसाबाहेर. तुमच्या वडलांनी ख्रिस्त स्वीकारला तरी गावानं त्यांना पाटलाच्या वाड्याच्या पायरीवर कधी चढू दिलं नव्हतं. त्या घरातला माणूस आपल्यात मांडीला मांडी लावून जेवणार, हे तुमच्यासाठी तारा दिसल्यासारखंच होतं. मला ते कळतं, बाबा. पण आई तिथं परातीपुढं बसली होती, एका हातानं करंज्यांचं पीठ मळत. तिला तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही सांगितलंत. ती गप्प राहिली, आणि ती गप्प राहिली की तुम्ही त्याला होकार समजायचात.

नाताळच्या सकाळी तुम्ही उपदेश केलात तो क्षमेवर. सुंदर केलात. बायका पदराला डोळे पुसत होत्या. शेवटी पाटलाच्या थोरल्याकडं हात करून म्हणालात, "माझ्या घरानं या भावाला माफ केलंय." माझ्या घरानं! मी आईकडं पाहिलं. ती पुढं पाहत होती, मांडीवरचा वाकडा हात डाव्या हातानं झाकून.

मग देवळापुढं पंगत बसली. वर बांबूच्या काड्यांची, पतंगी कागदाची चांदणी हलत होती. पाटलाचा थोरला पहिल्या पानावर, तुम्ही त्याच्या शेजारी. आई वाढायला आली, डाव्या हातात करंज्यांचं ताट. मांडव क्षणभर गप्प झाला. डाव्या हातानं कुणी वाढत नाही, आणि पाटलाला तर नाहीच. ती शांतता तुम्हाला सोसली नाही. तुम्हाला कधीच कुठली शांतता सोसली नाही. तुम्ही हसत म्हणालात, "पाटील, डाव्या हातानं वाढतेय म्हणून राग मानू नका हं. उजवा तुम्हीच मोडलाय!"

अख्खी पंगत हसली. आधी दचकून, मग मोकळं होऊन. पाटलाचा थोरला मान मागं टाकून हसला. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. तुम्हाला वाटलं असणार, गाठ सुटली. बाबा, तुमच्या सगळ्या आयुष्यातला तो सगळ्यांत चांगला जमलेला विनोद होता. आणि त्या एका विनोदासाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

आईनं ताट खाली ठेवलं. हसणं ओसरेपर्यंत थांबली. मग एवढंच म्हणाली, "जेवा पाटील. सणाच्या दिवशी दारातनं उपाशी जाऊ नका. पर माफी झाली असं समजून जेवू नका. मार म्या खाल्लाय. माफ करायचं का न्हाय, ते म्या ठरवीन. ह्यांनी न्हाय."

आवाज चढवला नव्हता तिनं. शेवटच्या पानापर्यंत ऐकू गेलं. पाटलाच्या थोरल्याचा हात पानावर थांबला. मग तो खाली मान घालून वाढलेलं सगळं जेवला, आणि उठताना आपली पत्रावळ आपणच उचलून उकिरड्यावर टाकून आला. गावातल्या कुणी आपल्याकडं असं केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याला काहीतरी ऐकू आलं होतं. तुम्ही मात्र टाळ्या वाजवून म्हणालात, "चला, भजन म्हणा," आणि डफ सुरू झाला.

एवढ्यावर मी सोडूनही दिलं असतं. पण पुढं तुम्ही ही गोष्ट सांगत फिरलात. सभांमधून, लग्नांमधून. आधी सांगायचात, "माझी बायको दारात बसली." काही वर्षांनी झालं, "आम्ही दारात बसलो." म्हातारपणी तुम्ही एकटेच दारात उभे राहू लागलात, काठीही तुमच्याच समोर उगारलेली. खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. इतक्यांदा सांगून सांगून तुम्हाला तसंच आठवत असेल. आई समोर बसून ऐकायची, आणि मी तिच्याकडं बघितलं की "असू दे" म्हणून मान हलवायची. तुमच्या मातीला आलेल्या पाहुण्या पाळकांनी तेच सांगितलं. तुमच्या थडग्यावर तेच कोरलंय. आईच्या दगडावर फक्त 'पाळकसाहेबांची पत्नी'.

आईच्या शेवटच्या दुखण्यात मी तिला विचारलं. तुम्ही गेल्यावर ती थोडं मोकळं बोलायला लागली होती. म्हटलं, "तुझ्या हातावर चारचौघांत चेष्टा केली त्यांनी. तुला कधी राग नाही आला?"

ती म्हणाली, "आला की. पर त्याच दिवशी दिवेलागणीला चुलीपुढं आले तुझे बाबा. माझा हात धरून रडले. म्हणाले, माझं चुकलं, मला माफ कर."

मला हे माहीतच नव्हतं. "मग?"

"मग काय? केलं माफ. भाकर करपायला लागली व्हती, किती येळ रडू द्यायचं माणसाला?"

"आन् पाटलाच्या थोरल्याला?"

तिनं वाकड्या कोपराकडं बघितलं. "थंडीत दुखतंय तवर न्हाय."

मी हसले, ती हसली, आणि मग त्या रात्री मला झोप आली नाही. कारण मला वाटलं होतं, हे कळल्यावर माझा राग जाईल. तो वाढला. तुम्हाला कळलं होतं तर! काय केलं हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी त्यानंतर इतकी वर्षं तुम्ही ती गोष्ट तशी सांगितलीत. चेष्टा केलीत भर पंगतीत आणि माफी मागितलीत चुलीपुढं, जिथं तिसरं कुणी नव्हतं. एवढा मोठा आवाज होता तुमचा. गावाच्या वेशीपर्यंत भजन ऐकू जायचं. ते एक वाक्य व्यासपीठावरून म्हणायला किती आवाज लागला असता?

म्हणून नाताळला मी बोलणार आहे, बाबा. दारात कोण बसलं होतं ते सांगणार आहे, हात कसा मोडला ते सांगणार आहे, आणि पंगतीत ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगणार आहे. नव्या पाळकांना आवडेल का, माहीत नाही. आईनं तुम्हाला माफ केलं ते तिचं. माझं मी बघेन.

हे कागद मी कुठं पाठवणार? चुलीही आता राहिल्या नाहीत जाळायला. एक मात्र कबूल करते. लिहायला बसताना ठरवलं होतं, एकदा तरी तुम्हाला सरळ अरे-तुरे करायचं, बाप म्हणून नाही, पाळक म्हणून नाही, चुकलेल्या माणसाशी बोलावं तसं. सकाळपासून लिहितेय. एकदाही जमलं नाही.