बरगड्या कुणाच्या?

आई, परवा डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडावर धरला. "बरगड्या ठणठणीत आहेत, बाई," म्हणाले, आणि मला फिसकन हसूच आलं. त्यांना काय सांगणार? तुझी ती नदीवरची नाव आठवली.

छप्पन-सत्तावन्न साल असेल. इंदापूर तालुक्यातलं आपलं नीरेकाठचं गाव, आणि मला नोकरी लागली नदीपलीकडच्या शाळेत. ठरल्या दिवशी सकाळी हजर झाले नाही तर जागा दुसऱ्या बाईला जाणार होती. आबांनी हो म्हटलं होतं ते तोंड वाकडं करूनच. कोऱ्हाळ्याच्या स्थळाला होकार कळवायला ते टपून बसलेले. आदल्या दुपारी मी ट्रंक भरतेय, तू भाकरी थापतेयस, आबा पडवीत पान जुळवतायत. तेवढ्यात नाववाल्या तात्यांची बायको मागच्या दारी धापा टाकत आली. "आक्का, बरगड्या मोडल्यात वो, दोन मोडल्यात!" पुढचं ती तुझ्या कानाशी बोलली. तू पिठाचे हात धुतलेस, तेलाची बाटली, चिंध्या, बांबूच्या कामट्या उचलल्यास. हाडं बसवायला तू गावोगाव जायचीस, आणि रोग्याकडं जाताना आबा तुला कधी अडवत नसत. "कुणाच्या मोडल्या?" त्यांनी विचारलं. "बघून येते," म्हणालीस, आणि मला, "चल गं, धरायला कुनीतरी लागंल."

काठावर रोगी कुठंच नाही! वर ओढलेली नाव, आणि आत कपाळाला हात लावून बसलेले तात्या. "आक्का, कामट्या कशाला आनल्या? मानसाच्या न्हाईत, नावंच्या मोडल्यात. खडकावर आपटली. सुतार वालचंदनगरला कामावर गेलाय, चार दिस येत न्हाय." पलीकडं जायला तेवढी एकच नाव; मी रडायलाच लागले. तू मात्र पदर खोचून नावेत चढलीस. "बरगडी ती बरगडी," म्हणालीस. चिरेला दोन्हीकडून कामट्या लावल्यास, दोरी गुंडाळलीस, आणि हाताच्या सवयीनं ती सैल ठेवलीस. तात्या वैतागले. "आवळा की वो! नाव काय श्वास घेती व्हय?" "अगं बाई, खरंच की!" म्हणत तू अशी हसलीस की रडता रडता मलाही हसू फुटलं. मग तात्यांनी दोरी करकचून आवळली, बाभळीचे तुकडे शेजारून ठोकले, फटींत डांबर भरलं. दिवेलागणीला घरी आलो. आबांनी विचारलं, "कोन होतं गं?" तू भाकरीचं टोपलं पुढं ओढत म्हणालीस, "म्हातारं हाय. बसवलंय नीट. उद्याच्याला चालंल."

आणि चाललं की! पायाशी पाणी झिरपत होतं, तरी मी वेळेवर शाळेत पोचले. पुढं जन्मभर स्वतःच्या पगारावर जगले.

पण आई, घरातून निघतानाच तुला ठाऊक होतं, की काठावर गेल्यावर कळलं? तात्यांच्या बायकोनं कानात काय सांगितलं? नोकरीला जा, असं तू मला तोंडानं कधी म्हणाली नाहीस. ठाऊक असेल, तर त्या दुपारी तू आबांच्या डोळ्यांदेखत माझ्या बाजूनं उठलीस. नसेल, तर ती नुसती फजिती. विचारल्याशिवाय मला अजून राहवत नाही बघ.

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर पत्ताही नाही, तेव्हा हा कागद घरातच राहील. खरं सांगू? तात्यांची बायको तू गेल्यावरही कितीतरी वर्षं होती, रस्त्यात भेटायची. मीच तिला विचारलं नाही. "आक्कास्नी काय ठावं हुतं?" असं ती म्हणाली असती, तर मला सोसलं नसतं.