कोंबडीनं ठेवून घेतलेली सीट

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज हे रिक्षातून स्वतःहून उतरले! लकव्याच्या झटक्याला आठ महिने झाले. उजवा पाय ओढतात, घराच्या फाटकाबाहेर पडत नाहीत, बोलणं म्हणजे चहा हवा किंवा नको. बंडप्पा आमच्या आडतीवर तूर घालणारे जुने शेतकरी. त्यांच्या नातवाचं बारसं, म्हणून मी जबरदस्तीनं ह्यांना वस्तीवर नेलं. गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांआड एका जुन्या मोटारसायकलचं हँडल दिसलं. हे काठी टेकत, म्हशींच्या मधून, सरळ तिकडं गेले.

"येझदी," म्हणाले.

दिवसभरात एवढा एकच शब्द. पण किती प्रेमानं म्हणाले.

१९ नोव्हेंबर

सकाळी चहा घेताना: "बंडप्पा विकतील का गं?"

२१ नोव्हेंबर, गुरुवार

विकली. बंडप्पा तयारच होते. वीस वर्षं गाडी तिथं नुसती उभी. अडल्या त्या त्यांच्या कस्तुराबाई. सीट फाटून आतला काथ्या उघडा पडलाय आणि त्यांची तांबडी कोंबडी रोज त्यातच अंडं घालते.

"गाडी न्या. सीट न्हाय द्यायची. दुसरीकडं बसतच न्हाय ती."

"अगं, सीटबिगर गाडी कशी न्यायची त्यांनी?" बंडप्पा.

"मग अंडी काय तुमी घालणार का?"

शेवटी बोल्ट काढले आणि सीट कोंबडीसकट गव्हाणीत ठेवली. ती उठलीसुद्धा नाही. येताना टेम्पोत हे हसत होते — चांगलं मोठ्यानं. मी खिडकीबाहेर बघत बसले. डोळे पुसताना दिसायला नको होते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

उमरग्याला मल्लेशच्या गॅरेजात. पन्नाशीचा माणूस, जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर जीव. ह्यांनी त्याला सगळं सांगितलं: रस्त्यावर न्यायची नाही, शेतातच फिरवायची. सायलेन्सर वर उचलून घे, मडगार्ड उंच कर, मातीत धरणारे उंच गुट्ट्यांचे टायर घाल, हँडल रुंद. लग्नाआधी सोलापूरला मातीतल्या शर्यतीत ह्यांनी अशीच बनवून पळवली होती. तिसरे आले होते. (मला सांगताना कायम दुसरे येतात.)

"आयतु, अण्णा," मल्लेश म्हणाला. म्हणजे झालंच समजा. "वेळ अमावस्येच्या जेवणाला जमाल तवा तुमच्या शेतात उभी करतो."

मी विचारलं, "पण चालवणार कोण?"

दोघंही कार्बोरेटरमध्ये डोकं घालून बसले.

३ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरांकडे तपासणी. नर्स ह्यांचा बीपी घेत होती तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दुचाकी अजिबात नाही. पुन्हा कधीच नाही. पकड गेली आहे, पायही. तुम्हीच समजावून सांगा."

मी हो म्हटलं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "चल, मल्लेशकडं जाऊन येऊ." किती दिवसांनी कुठंतरी जायचं म्हणाले! मी सांगणार होते. चल म्हटलं.

८ डिसेंबर, रविवार

आज भांडले. एकटीच.

नवीन सीट तयार झाली. कोंबडीच्या कृपेनं नवीनच करावी लागली. आणि केली किती बुटकी! मल्लेश म्हणाला, "अक्का, बसून बघा जरा, स्टँडवर हाय." बसले. माझे दोन्ही पाय जमिनीला टेकले. मी म्हटलं, ह्यांची उंची सहा फुटाला दोन बोटं कमी, ह्यांचे गुडघे हनुवटीला लागतील, बदल ती. मल्लेश पाना पुसत राहिला. मग ब्रेकचं विचारलं. मागचा ब्रेक उजव्या पायात, तो हातात घेता येत नाही का? "येतोय की. पण अण्णा नको म्हणले. हाय तिथंच ऱ्हाऊ दे म्हणले."

हे खुर्चीत बसून शेंगा खात होते. "सीट बी ऱ्हाऊ दे तशीच," म्हणाले.

म्हणजे पाय अधू झालाय हेच मान्य नाही. आता कसं सांगू?

१० डिसेंबर

विरेशचा पुण्याहून फोन. "आई, बाबांचं ठीक आहे, पण तू तरी अडव." लेकालाही वाटतं अडवणं हे माझं काम.

१४ डिसेंबर, शनिवार

सुरू झाली! आधी नुसती खोकली, मग निळा धूर, आणि तो वास. जळक्या ऑइलचा, गोडसर. डोळे मिटले तर मी पुन्हा एकवीस वर्षांची.

लग्नानंतरची पहिली वेळ अमावस्या. सगळी माणसं शेतात जेवून झाडाखाली आडवी झालेली. ह्यांनी मला गाडीवाटेवर नेलं आणि येझदीवर बसवलं. हिची गंमत अशी की किक आणि गिअर एकाच लिव्हरवर. वर वळवून किक मारायची, मग पुन्हा पुढं आणून जाग्यावर घ्यायची, तरच गिअर पडतो. मी ते विसरायची. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलत नाही, आणि हे मागून, "महेश्वरी, लिव्हर!" चौथ्या वेळेला जमलं. अशी सुटले की बांध ओलांडून पार ज्वारीत!

मामंजींनी पाहिलं. मला काही बोलले नाहीत. सासूबाईंना म्हणाले, "कॉन्व्हेंटात एवढंच शिकवत्यात का? सुना शेतात जेवायला आणत्यात, ज्वारी तुडवायला न्हाय."

संक्रांतीच्या आत गाडी विकली गेली. हे कधी एका शब्दानं बोलले नाहीत. मीही नाही. चाळीस वर्षं झाली.

मल्लेशनं आज पेट्रोलचा धडा दिला: ऑइल कालवूनच टाकायचं, नुसतं टाकलं तर पिस्टन जाम. हे मला म्हणाले, "ते तू शिकून घे. माझा हात थरथरतोय." शाळेच्या प्रयोगशाळेतल्यासारखं माप धरून कालवलं. थेंब सांडला नाही. सिस्टरांना बरं वाटलं असतं.

२२ डिसेंबर, रविवार

गाडी घरी आली. हँडल रुंद आहे पण चांगलं जवळ ओढलेलं. ह्यांना अवघडणार. हे सकाळ-संध्याकाळ फडकं घेऊन अंगणात. शेजारचे हणमंतप्पा फाटकातूनच ओरडले, "काय सावकार, पुन्हा शर्यतीला का?" हे म्हणाले, "बघाच." काठी न घेता फाटकापर्यंत गेले.

हे सगळं मी एका वाक्यात मोडायचं?

२९ डिसेंबर, रविवार

उद्याच्या जेवणासाठी भज्जीच्या पालेभाज्या-शेंगा निवडून झाल्या, ताकातली आंबील तयार, बाजरीचे उंडे उकडले. गाडी मल्लेशनं टेम्पोतून शेतात नेऊन ठेवली. उद्या सकाळी, कोणी यायच्या आत, सांगणार. पुन्हा गप्प बसले तर बसले. पडले तर मला सोसणार नाही.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

सांगितलं. एका दमात. हे म्हणाले, "ठाऊक हाय. मला तर डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच सांगितलंय." मग काठीनं नव्या सीटवर टकटक केलं. "मल्लेशला माप तुझंच दिलं होतं. चल, बस. राहिलंय तुझं शिकायचं."

तिसऱ्या किकला लागली. मी गाडीवाटेनं विहिरीपर्यंत दोनदा जाऊन आले. ज्वारीचं एक ताट मोडलं नाही.

लिव्हर जाग्यावर घेतली — हे ओरडायच्या आधी.