ढोली मोकळी होती

आबा, मोटेचा तो खांब मी कापला. आप्पांच्या मळ्यातल्या विहिरीवर उभा होता तो, लिंबाचा, तुमच्या हातचा शेवटचा. वीस वर्षं त्यानं मोटेचं ओझं पेललं. मग विहिरीवर विजेची मोटर बसली आणि खांब उपटून गोठ्यामागं टाकला गेला. तिथं कोंबड्या त्याच्यावर बसत. कापताना आतून अजून कडू वास आला. मी करवत थांबवली आणि घाम पुसायचं निमित्त केलं. तुम्ही गेलात तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होता. मी आता पन्नाशीला टेकलोय. वयानं तुमच्यापुढं गेलो, तरी तुमच्यासमोर मान वर होत नाही. म्हणून समोर बसून जे कधी बोललो नसतो, ते लिहितो आहे.

आताचा गाव तुम्हाला ओळखू यायचा नाही. पाच वर्षांमागं मोठा दुष्काळ पडला. भीमेच्या पात्रात माणसं झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होती. शेळ्यांना पाला म्हणून आणि चुलीला सरपण म्हणून ओढ्याकाठची सगळी जुनी झाडं गेली. पाऊस परत आला, ज्वारी परत आली, उंदीर तर दुपटीनं आले, पण त्यांना खाणारं पाखरू आलं नाही. शाळेत नवे गुरुजी आहेत, दौंडच्या रेल्वे वसाहतीत वाढलेले. त्यांनी एका रविवारी देवळापुढं माणसं जमवली आणि म्हणाले, "झाडं गेली तशा ढोल्याही गेल्या. पिंगळ्यासारख्या छोट्या घुबडानं अंडी घालायची कुठं? नवी झाडं मोठी होईपर्यंत आपणच लाकडी पेट्यांच्या ढोल्या करू. घरोघरी मोडकं लाकूड पडलंय, तेवढं आणा." माणसं हसली, पण लाकूड आलं. मोडके नांगर आले, गाडीच्या फळ्या आल्या, एका म्हातारीनं पाळण्याचे पाय दिले. गुरुजींनी दौंडहून जुन्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. गावात सुतार मी एकटा, म्हणून मापं आणि भोकं माझ्याकडं. खिळे ठोकून सरळ करणं, फळ्या घासणं, झाकणाला सायकलच्या ट्यूबची बिजागरी लावणं हे सगळे मिळून करत. एक जण फळी घासता घासता म्हणाला, "मामा, माझं लगीन खोली न्हाई म्हणून आडलंय, आन् पिंगळ्याला फुकटात घर!" दुसरा लगेच, "पिंगळा रातभर राबतो. तू कवा राबलास?" सगळे हसले, मीही हसलो. पिंगळ्याचं आणि आपल्या घराचं काय आहे ते गुरुजींना मी सांगितलं नव्हतं.

चौथ्या रविवारी आप्पा आले. त्यांनी आता सत्तरी ओलांडली आहे. नातवानं गाडीतून तो खांब आणला. मी लांबूनच ओळखला, वरच्या टोकाला तुम्ही तासायच्या वाकसानं मारलेली तिरकी खूण अजून आहे. आप्पांना वाटलं होतं देवळाचं काहीतरी काम निघालंय. पेट्या कुणासाठी ते कळल्यावर त्यांनी खांबावर हात ठेवला. "आरं, ह्याच्या बापाला त्याच पाखरानं नेलं. घराच्या आढ्यावर बसून रोज वरडत व्हतं. आन् आता ह्याच्याच हातनं त्याला घर? सुतारा, तुझ्या आईला काय वाटंल?" करवती थांबल्या. दोघातिघांनी हातातल्या फळ्या खाली ठेवल्या. गुरुजी माझ्याकडं बघत होते. मी मान डोलावली असती तर त्या सगळ्या पेट्या चुलीत गेल्या असत्या. खरं काय ते त्या अंगणात मला एकट्यालाच ठाऊक होतं. "पुढल्या रविवारी सांगतो," एवढं म्हणून मी हत्यारं गोळा केली.

तुमची एक रीत होती. झाड तोडायच्या आदल्या दिवशी तुम्ही बुंध्याला हळद-कुंकू लावायचात, वाकसाच्या पाठीनं तीन वेळा ठोकायचात आणि मोठ्यानं म्हणायचात, "राहणाऱ्यांनी उठावं, आमाला लाकूड पायजे." मग एक रात्र थांबायचं. ढोलीत पिल्लं दिसली तर ती उडेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. त्या चैत्रात तुम्ही चार दिवस दौंडला कामाला गेला होता. जाताना म्हणालात, "लिंबाला ठोकल्याबिगर करवत लावू नगंस." मी बावीस वर्षांचा, अंगात रग. दुसऱ्या दिवशी सकाळीच आप्पा बैल घेऊन हजर. "मोटेला खांब न्हाई, ऊस वाळाया लागलाय, आटप लवकर." मी ठोकलं नाही. जुन्या माणसांच्या जुन्या गोष्टी, असं मनात म्हणालो. झाड पडलं, ढोली फुटली आणि तीन पिल्लं भुईवर आली. दोन मेलेली होती. तिसरं माझ्याकडं बघत होतं, पिवळ्या डोळ्यांनी, पापणी न हलवता. आप्पा बैलांना जुंपत होते, त्यांची पाठ होती. मी हातानंच माती उकरली, तिघांनाही खड्ड्यात घातलं आणि वर भुसा ओढला. तिघांनाही, आबा.

तुम्ही परत आलात ती संध्याकाळ अजून जशीच्या तशी दिसते. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, पायांना नदीची वाळू लागलेली. "ठोकलंस का?" तुम्ही विचारता. "व्हय." "कोण निघालं?" "कोण न्हाई. ढोली मोकळी व्हती." तुम्ही भाकरी मोडता. दुसऱ्यांदा विचारत नाही. ओंडका आपल्या अंगणात येऊन पडला होता आणि त्याच्यामागोमाग ती जोडीही आली होती. तिन्हीसांजेला आढ्यावर बसून ती ओरडायची. तीन दिवसांनी तुम्ही खांब तासत होता, तेव्हा ढोलीच्या बाजूनं पिल्लांची पांढरी मऊ लव निघाली. तुम्ही ती तळहातावर घेतलीत. माझ्याकडं पाहिलंत. मग फुंकर मारलीत आणि पुन्हा वाकस उचललात. त्याच रात्री तुम्हाला ताप भरला. आई आढ्यावर दगड मारू लागली, तर तुम्ही अंथरुणातून म्हणालात, "हाकलू नगंस. त्यांचं कायतरी हितं ऱ्हायलंय." आईला वाटलं, तापात बरळताय. सहाव्या दिवशी तुम्ही गेलात. दारात जमलेल्या बाया म्हणाल्या, पिंगळा बोलला तवाच कळलं व्हतं. तेव्हापासून कुठंही पिंगळा ओरडला की आई कानावर पदर घेते आणि त्याला तोंडभर शिव्या देते. सत्तावीस वर्षं मी ते ऐकलं आणि गप्प राहिलो.

त्या रविवारी सांजेला देवापुढं दिवा लावला, पण नाम तोंडातून फुटेना. आई सुपात तूर निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि ते झाड, ती पिल्लं, तो खड्डा, सगळं सांगितलं. तिची बोटं सुपात फिरतच राहिली. मग थांबली. "तिसरं जितं व्हतं?"

"व्हय."

"मंग इतकी वर्सं मी कुणाला शिव्या देत व्हते रं?"

दोन दिवस ती ताट वाढायची आणि उठून जायची. तिसऱ्या दिवशी ताट वाढून तिथंच उभी राहिली. म्हणाली, "एक पेटी आपल्या दारात लाव."

पुढल्या रविवारी देवळापुढं सगळ्यांदेखत मी सांगितलं. पिंगळ्यानं माझ्या बापाला नेलं नाही, तो आपली पिल्लं शोधत आला होता, आणि ती मी पुरली होती. आप्पा खाली बघत बसले होते. मी खांब उभा चिरायला घेतला, तेव्हा ते उठले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. ते शेवटपर्यंत सोडलं नाही. करवत लावायच्या आधी मी वाकसाच्या पाठीनं तीन वेळा ठोकलं. एका पोरानं विचारलं, "मामा, त्याच्यात आता कोण ऱ्हातंय?" गुरुजींनी त्याला डोळ्यांनी दटावलं. मी कान देऊन थोडा वेळ थांबलो. मग ओढायला सुरुवात केली.

त्या खांबाच्या चार पेट्या झाल्या. तीन ओढ्याकाठी बांबू रोवून लावल्या, चौथी आपल्या दारातल्या बाभळीवर आहे. कार्तिकात लावली, माघात पिंगळ्याची जोडी आली. आई आता तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसते, कानावर पदर नसतो. "आला बग," असं स्वतःशीच म्हणते. गुरुजी आले की त्यांनाही बोटानं दाखवते. भोकातून दोन पिवळे डोळे बाहेर बघत असतात.

हा कागद तुमच्या वाकसाखाली ठेवून देणार आहे, दुसरीकडं कुठं पाठवणार? आईला सगळं सांगितलं असं वर लिहिलंय, ते तेवढं खरं नाही. तुम्ही 'ठोकलंस का' विचारलंत आणि मी व्हय म्हणालो, हे तिला सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी ती तिथंच चुलीपाशी होती, तिनं ऐकलंही असेल. पण तिनं काढलं नाही आणि मीही काढलं नाही. आणखी एक. दारात पेटी लागल्यापासून संध्याकाळी मी मळ्याकडं मागच्या दारानं जातो. परवा आईनं विचारलं, "मागल्या दारानं का रं जातूस?" मी म्हणालो, "तिकडनं जवळ पडतं."

जवळ पडत नाही, आबा. ओढ्याला वळसा घालून जावं लागतं.